त्या केशरी कड्यांत पृथ्वीची जागा दिसत नाही

नाशिकच्या आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय, सोबत केशरी-काळ्या कड्यांचं चित्र. म्हणणं थोडक्यात असं: तरुण ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचा आतला भाग, म्हणजे पृथ्वीसारखे ग्रह घडतात ती जागा, आता थेट फोटोत दिसते, काळी कडी म्हणजे ग्रह, वेब दुर्बिणीला तिथे पाणीही दिसलं, आपल्या नारायणगावच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही हे जमेल, आणि अंजनेरीवरून आठ इंची दुर्बिणीत कडं दिसतं. पाण्याचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची टिकत नाहीत.

आधी चित्र. ते वृषभ राशीतल्या एचएल टॉरी या तरुण ताऱ्याचं, २०१४ साली चिलीच्या आल्मा दुर्बिणीने घेतलेलं. हा दृश्य प्रकाशातला फोटो नव्हे. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या लहरींचं ते मोजमाप आहे आणि केशरी रंग मागाहून दिलेला. आल्माच्या ॲन्टेना १५ किलोमीटरपर्यंत पसरल्या तेव्हा ०.०३५ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद) इतका बारकावा मिळाला. ताऱ्याचं ४५० प्रकाशवर्षांचं अंतर धरलं, तर हे होतात पाच खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), जवळपास गुरूचं सूर्यापासूनचं अंतर. म्हणजे त्या चित्रातल्या सगळ्यात बारीक ठिपक्यात पृथ्वीची अख्खी कक्षा मावते! कडी दिसतात ती बाहेरची, थंड धुळीची.

काळी कडी ग्रहांमुळे असू शकतात, पण फटीची इतरही कारणं आहेत. पीडीएस ७० या ताऱ्याच्या पोकळीत २०१८ आणि २०१९ मध्ये एकेक ग्रह प्रत्यक्ष टिपला गेला; एचएल टॉरीच्या कड्यांत तसा एकही पक्का झालेला नाही.

मग आतली तबकडी बघतात कशी? धूळ साधारण १५०० केल्विनला वाफ होऊन जाते, त्यामुळे ताऱ्याजवळ धुळीला एक आतली कड असते. सूर्यासारख्या तरुण ताऱ्याभोवती ती ०.१ खगोलीय एककाच्या आसपास, दुप्पट वस्तुमानाच्या तेजस्वी ताऱ्याभोवती ०.३ किंवा थोडी पुढे. ही कड सगळ्यात जास्त उजळते ती दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींच्या आसपास, अवरक्तात. आणि ०.३ एकक ३३० प्रकाशवर्षांवरून दिसतं ३ मिलीआर्कसेकंद (आर्कसेकंदाचे हजारावे भाग) एवढं. ८.२ मीटरची एकटी दुर्बीण २.२ मायक्रॉनवर ५५ मिलीआर्कसेकंदांच्या खाली उतरत नाही. म्हणून इंटरफेरोमीटर, म्हणजे अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणारी जोडणी, लागतो. चिलीत पारानालला चार दुर्बिणींचा प्रकाश बोगद्यातल्या रुळांवर सरकणाऱ्या आरशांवरून नेऊन एकत्र आणतात आणि वाटांच्या लांबीतला फरक मायक्रॉनांच्या हिशेबात मिटवतात. १३० मीटर अंतरावरच्या जोडीला मग पावणेदोन मिलीआर्कसेकंदांपर्यंत पोहोचता येतं.

पण हाती येतं ते चित्र नसतं. चार दुर्बिणींच्या सहा जोड्या, म्हणून प्रकाश मिसळल्यावर उमटणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यांच्या ठळकपणाचे सहा आकडे; तिघातिघांचे चार त्रिकोण, म्हणून लहरींच्या कलांच्या (पट्ट्या किती सरकल्या त्याच्या) चार बेरजा. अशा अनेक रात्रींच्या आकड्यांतून सॉफ्टवेअर चित्र जुळवतं. पायोनियर या उपकरणाच्या मोजमापांतून २०२० मध्ये १५ ताऱ्यांच्या आतल्या कडांची चित्रं अशीच जुळवली गेली. बिघडायच्या जागाही इथेच. तुलनेसाठी आधी-नंतर बघितलेला प्रमाणतारा छुपा जोडतारा निघाला, तर तबकडी एकीकडे खोटीच उजळ दिसते. शिवाय ०.३ एककावरची धूळ दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्याला सहा आठवड्यांत प्रदक्षिणा घालते. निरीक्षणं महिनाभर लांबली की उजळ डाग पार पलीकडे गेलेला असतो आणि चित्रात तो पुसट कड्यासारखा पसरतो. असं चित्र पुढ्यात आलं की आधी निरीक्षणांच्या तारखा बघाव्यात.

वेबचं पाणी. पीडीएस ७० च्या वर्णपटात २०२३ मध्ये पाण्याची वाफ सापडली, हे खरं. ‘दिसली’ हे मात्र खरं नाही. ६.५ मीटरच्या आरशाला ७ मायक्रॉनवर ०.२ आर्कसेकंदांच्या आसपासच भेद करता येतो. पीडीएस ७० च्या अंतरावर हे पंचवीसेक एकक होतात, युरेनसच्या कक्षेपेक्षा जास्त. वाफेचं तापमान ६०० केल्विनच्या घरात निघालं आणि इतकी उष्ण वाफ ताऱ्याजवळच असणार, म्हणून जागा ठरली. अनुमान भक्कम आहे, पण ते अनुमानच.

जीएमआरटीचं नाव पुणे रोडवरून जाता-येता आपल्या तोंडी असतं म्हणून आलं असावं. ती साधारण दोन मीटर ते २१ सेंटिमीटर लहरींवर चालते. २५ किलोमीटर पसाऱ्यातून २१ सेंटिमीटरला पावणेदोन आर्कसेकंद मिळतात. वृषभातल्या ताऱ्यांपाशी हे अडीचशे एकक. धूळही त्या लहरींवर जवळपास गप्प. डीजी टॉरी या तरुण ताऱ्याच्या झोतातले वेगवान इलेक्ट्रॉन मात्र याच दुर्बिणीने २०१४ च्या अभ्यासात हेरले. तिचं काम ते.

आठ इंची दुर्बीण कागदावर ०.६ आर्कसेकंद भेदते, हवा तेवढंही देत नाही. आतली तबकडी त्याहून शंभर-दोनशे पटींनी लहान. कडं दिसलं असेल तर फोकस तपासावा.

आतल्या तबकडीची सावली मात्र नाशिकमधून मोजता येते. काही ताऱ्यांपुढून आतल्या कडेचे धुळीचे पुंजके जातात आणि तारा मंदावतो. राजन्याच्या वायव्येला पाचेक अंशांवरचा यूएक्स ओरायनिस एरवी दहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा वाढला की तारा मंद) आसपास, घसरला की बारापर्यंत. अग्नी ताऱ्याच्या पश्चिमेला सव्वाचार-साडेचार अंशांवर आरडब्ल्यू ऑरिगे. आपल्या २० अंश अक्षांशावरून तो मध्यरात्री डोक्याच्या जवळून जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम.

सीमॉस कॅमेऱ्यापुढे बी (निळा) आणि व्ही (हिरवट) फिल्टर, प्रत्येकात ३० ते ६० सेकंदांच्या दहा फ्रेम, डार्क (झाकण लावून) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडात) फ्रेम न चुकता. फिल्टर दोन हवेतच: धुळीआड जाताना तारा आधी लालसर होतो, पण खूप खोल घसरला की पुन्हा निळसर. थेट प्रकाश अडतो आणि धुळीने विखुरलेला निळा प्रकाश तेवढा उरतो. एकाच फिल्टरच्या आलेखात हे कळत नाही आणि ढगाची पातळ पट्टीही घसरणीसारखी भासते. म्हणून तुलनाताऱ्यासोबत (ज्याच्याशी तेज ताडून बघतो तो स्थिर तारा) आणखी एक स्थिर तपासतारा ठेवायचा. तपासताऱ्याचं तेज हललं तर ती रात्र सोडून द्यायची. दिंडोरी-निफाडच्या बागांत बसणाऱ्यांनी दवाचा हीटर विसरू नये.

आरडब्ल्यू ऑरिगेचा जोडीदार दीड आर्कसेकंदांवर आहे. तो आपल्याला वेगळा मोजता येणार नाही, त्यामुळे मुख्य तारा खोल घसरला की जोडीदाराचा प्रकाश घसरण कमी दाखवतो. नोंद करताना ‘दोघांची मिळून प्रत’ असं लिहावं.