डिक्री मिळाली ना? मग आता निवांत झोपा

अभिनंदन, दावा जिंकलात. डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, हातात आहे. सात लाख, वर व्याज, वर खर्च. खाली न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा गोल शिक्का. आता पैसे आपोआप येतील. तुम्ही फक्त सर्टिफाइड कॉपी लॅमिनेट करून घ्या.

दरखास्त, म्हणजे डिक्रीची वसुली करून द्या असा कोर्टाकडे अर्ज, लावायची घाई मुळीच करू नका. कायद्याने १२ वर्षांची मुदत दिली आहे, ती काय वाया घालवायची? निदान दोन वर्षं तरी उलटू द्या. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २२ प्रमाणे आधी नोटीस काढावी लागते आणि तुम्हाला जाग आल्याचं जेडीला, म्हणजे निर्णीत ऋणकोला (ज्याच्याकडून पैसे यायचे त्याला), रीतसर कळतं. फ्लॅट मेव्हण्याच्या नावावर करायला तेवढी सवड त्याला मिळायलाच हवी. तो मालमत्ता विकायच्या बेतात होता तेव्हाच, दावा चालू असताना, आदेश ३८ नियम ५ खाली जप्ती मागायला हवी होती असं कुणी म्हणालं, तर विषय बदला.

मध्येच तो म्हणेल, ‘आम्ही अपिलात गेलोय.’ लगेच थांबा. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगितीचा वेगळा आदेश लागतो. पण त्या आदेशाची प्रत मागणं बरं दिसत नाही.

अखेर दरखास्त लावलीच, तर मालमत्तेच्या तपशिलात ‘घरातील सर्व जंगम वस्तू’ एवढंच लिहा. बँकेची शाखा, सिटी सर्व्हे नंबर, नोकरीचं ठिकाण हे शोधण्यात चपला कोण झिजवणार? डिक्री ३० दिवस थकली की आदेश २१ च्याच नियम ४१ खाली जेडीलाच शपथेवर मालमत्तेची यादी द्यायला लावता येते, आणि तो हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज पहिल्याच तारखेला दिलात, तर बेलिफच्या, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, फेऱ्यांची सगळी गंमत जाईल.

ती गंमत अशी. बेलिफ वॉरंट घेऊन निघतो. भत्ता तुम्ही भरलेला, रिक्षा तुमची, पंचही तुम्हीच गाठलेले. दाराला कुलूप असेल तर ‘घर बंद आढळले’ असा शेरा मारून सगळे चहाला. दार उघडं असेल तर आत त्याच संहितेचं कलम ६० आधीच पाय पसरून बसलेलं असतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचे बैल आणि बियाणं, यातलं काहीही उचलता येत नाही. उरतो एक टीव्ही आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांतली एक तीन पायांची. टेम्पो आणि हमाली धरून हिशेब करेपर्यंत मेव्हणा बिल फडकावत हजर: टीव्ही माझा! झालं, नियम ५८ खाली त्याचा हरकत अर्ज. त्यावर तुमचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मग पुरावा. दरखास्तीच्या पोटात दुसरा दावा पाळणा हलवू लागतो.

जेडी नोकरदार असेल तर पगारावर जा, पण आकडेमोड करून नको. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश हात लावायचे नाहीत. पगार ३१,००० असेल तर महिन्याला १०,००० हाती लागतील. एकूण २४ महिने कपात झाली की त्या डिक्रीपुरता तो पगार कायमचा सुटतो. म्हणजे २ लाख ४० हजार. बाकीचे ४ लाख ६० हजार आणि व्याज कुठून येणार, हे पंचविसाव्या महिन्यात बघू.

उशिराबद्दल मनाला लावून घेऊ नका. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये मोजदाद झाली तेव्हा देशभर ८.८२ लाख दरखास्ती पडून होत्या, त्यांतल्या ३.४ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. इथेतरी आपण पहिले!

राग फारच अनावर झाला तर त्याला आत टाका. पैसे असून देत नाही, हे मात्र तुम्ही दाखवायचं; निव्वळ ऐपत नाही म्हणून तुरुंग नाही, हे १९८० सालीच ठरलं आहे. ते जमलं तर तीन महिन्यांपर्यंत तो आत. त्याच्या जेवणखाणाचा भत्ता मात्र तुमच्याकडून, दरमहा, आगाऊ. हप्ता चुकवलात की त्याची सुटका. तीन महिन्यांनी तो बाहेर येतो. कर्ज जसंच्या तसं उभं असतं, पण त्याच डिक्रीसाठी त्याला पुन्हा अटक करता येत नाही.

भत्त्याच्या पावत्या मात्र जपून ठेवा. ती रक्कम दाव्याच्या खर्चात धरली जाते, म्हणजे त्याच्याकडून वसूल करता येते. फक्त तेवढ्या रकमेसाठी त्याला अडकवता येत नाही. काहीतरी जप्तच करावं लागेल. बेलिफचा नंबर असेलच तुमच्याकडे. त्या टीव्हीचं काय झालं, तेही विचारून घ्या.