बसल्या जागी स्लॅब मंजूर

स्लॅब भरण्याआधी कोणीतरी शटरिंगवर चढायचं, टेप लावून सळईचं अंतर मोजायचं, सळई शटरिंगपासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक निसटलेत का ते वाकून बघायचं, खाली उतरून टेकू हलवून पाहायचे आणि मग घाम पुसत पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सही करायची, ही पद्धत फार झाली. तुमच्या कंपनीने प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेतलंय. त्याला एपीआय आहे, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट सिस्टिमशी बोलायचं दार. तुम्हाला थोडंफार पायथनमधलं प्रोग्रॅमिंग येतं. बाणेरच्या ऑफिसात एसी चालू आहे. आता ताथवड्याच्या चौदाव्या मजल्यावर जायचं काही कारण उरलं आहे का?

वर्कफ्लो म्हणजे काय ते आधी समजून घ्या. ठेकेदार पोअर कार्ड टाकतो, साइट इंजिनिअर तपासतो, क्वालिटीवाला बघतो, शेवटी आरसीसी कन्सल्टंट. प्रत्येक पायरीवर सिस्टिम त्या त्या माणसाला विचारते, मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, की परत पाठवू? साइटवरच्या माणसाला हा प्रश्न वाटतो. तुमच्यासाठी ती एक पोस्ट रिक्वेस्ट आहे, सर्व्हरला धाडायचा एक संदेश. कुठला वर्कफ्लो, कुठली पायरी, कुठला प्रतिसाद, एवढं भरलं की झालं. शेरा सक्तीचा असेल तर ‘ओके’ लिहा. फोटो सक्तीचा असेल तर मागच्या मजल्याचा चालतो, सगळ्या जाळ्या सारख्याच दिसतात.

प्रतिसाद निवडताना शहाणी माणसं आधी त्या पायरीवर कोणते पर्याय आहेत ते मागवतात आणि ‘मंजूर’ नावाने शोधतात. एवढा वेळ कोणाला आहे? यादीतला पहिला पर्याय उचला. आज पहिला ‘मंजूर’ आहे ना? मग झालं. उद्या ॲडमिनने टेम्प्लेट बदलून ‘परत पाठवा’ वर सरकवलं, तर एका रात्रीत सगळ्या टॉवरची पोअर कार्डं परत जातील, आणि क्वालिटी विभागाने एवढा कडकपणा दाखवल्याबद्दल एमडींचं अभिनंदनाचं मेल येईल. ते ठेवून द्या, अप्रेझलला लागतं.

पहिल्याच दिवशी सर्व्हरकडून ४०३ हा नकाराचा कोड येईल. घाबरू नका. याचा अर्थ एवढाच, की सिस्टिम म्हणतेय, ज्याच्या नावावर पायरी आहे त्यालाच उत्तर देऊ दे. किती हा संकुचितपणा! साइट इंजिनिअरला फोन लावा, “अरे, एकदा लॉगिन करून ‘अलाउ’ दाब फक्त.” पोरगा गुणी असतो, दाबतो. त्यातून मिळालेलं ॲक्सेस टोकन, म्हणजे त्याच्या नावाने काम करायची डिजिटल किल्ली, तास-दोन तासांत संपतं, पण नवी किल्ली काढून देणारं रिफ्रेश टोकन तुमच्या सर्व्हरवर सुखाने नांदतं. अशी परवानगी देण्याची ओऑथ २.० ही पद्धत २०१२ साली प्रमाणित झाली, ती माणसाने आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नये म्हणून. पासवर्ड कुठे मागितला आपण? नुसती सही मागितली. पुढे तो पोरगा नोकरी सोडून दुबईला गेला आणि त्याचं खातं बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, तर तो तिथून वाकडचे स्लॅबही मंजूर करत राहील. त्याला कळणार नाही, आणि पगार तर नाहीच मिळणार.

आता सगळ्यात गोड भाग, रीट्राय, म्हणजे उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवणं. रेडीमिक्सची गाडी गेटवर उभी असते. आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे साधारण दोन तासांच्या आत काँक्रीट खाली व्हायला हवं, त्यामुळे मुकादमाचा आवाज फोनमधून बाहेर येत असतो. तुम्ही मंजुरी पाठवता, सर्व्हर तीस सेकंद गप्प, टाइमआउट. मंजुरी पोचली की नाही? आधी वर्कफ्लो कुठल्या पायरीवर आहे ते विचारून बघावं, असं कोणी म्हणेल. तुम्ही ‘सध्याची पायरी’ घेऊन पुन्हा पाठवा. पहिली मंजुरी खरं तर पोचलेली असते, सध्याची पायरी आता क्वालिटीवाल्याची असते, आणि त्याचंही टोकन तुमच्याकडेच असतं. पुन्हा टाइमआउट, पुन्हा पाठवा. तीन रिक्वेस्टमध्ये कन्सल्टंटची मंजुरीसुद्धा हाती. कन्सल्टंट तेव्हा चांदणी चौकात गाडीत बसून ‘पोचतोच दहा मिनिटांत’ सांगत असतात. त्यांना माघारी फिरायला सांगा, बिचाऱ्यांचं पेट्रोल वाचेल.

रात्रीच्या स्लॅबची गंमत वेगळीच. सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत जगतो, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे पावणेपाचला दिलेली मंजुरी लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या रात्री सव्वाअकराची दिसते. टाइमझोन दुरुस्त करू नका, चुकूनसुद्धा. गाडी बाराला आली, स्लॅब भरून झाला आणि मंजुरी मागाहून दिली, तरी कागदावर सगळं आधीच पार पडलेलं. एवढी वक्तशीर साइट अख्ख्या पुण्यात सापडणार नाही.

उत्साहाच्या भरात एकदम पाचशे पोअर कार्डं पाठवलीत तर ४२९ येईल, म्हणजे ‘जरा हळू’. या सगळ्या साखळीत हळू घ्या म्हणणारं एवढं एकच कोणीतरी असतं आणि ते मशीन असतं. अर्धा मिनिट थांबा, पुढे चला.

जमलं की बाकीचे वर्कफ्लोही याच लायनीत लावा. उदाहरणार्थ, टेकू काढायची परवानगी. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला सात दिवस ठेवावेत, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा, असं आयएस ४५६ सांगतं. तुमच्या कोडमध्ये सरसकट सात टाका. गाळ्याची लांबी एपीआयमध्ये येत नाही, तेव्हा ती नाहीच असं समजायला हरकत नाही. जीएसटी मात्र बिलात येतो, तो नीट मोजा.

कोणी रेराचं भय घातलं तर ऐकून घ्या. २०१६ च्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. पाच वर्षं म्हणजे केवढी! लॉग नव्वद दिवसांनी पुसले जातील अशी सोय करा, डिस्कही वाचते.

शेवटी क्यूब. काँक्रीटचे ठोकळे पाण्याच्या टाकीत अठ्ठावीस दिवस ठेवून मग मशिनखाली फोडतात आणि जो आकडा येतो तो वर्कफ्लोत टाकतात. तुमची स्क्रिप्ट अठ्ठाविसाव्या दिवशी रात्री बारा वाजून एक मिनिटाने ‘निकाल समाधानकारक’ पाठवते. लॅब सकाळी दहाला उघडते. ठोकळे टाकीतून काढायचे की राहू द्यायचे, ते लॅबवाल्याला एकदा विचारून घ्या.