झेब्र्यांचा रथ आणि आंधळी मुलगी

सेसिल बी. डीमिल यांचा येशूच्या जीवनावरील 'द किंग ऑफ किंग्ज' हा १९२७ सालचा मूकपट मी पहिल्यांदा पाहायला बसलो, तेव्हा सुरुवातीलाच मला चक्क हसू आले होते. मग्दालीया मरीयेच्या महालात मेजवानी रंगली आहे, तिच्याजवळ पाळीव बिबट्या आहे, आणि आपला प्रियकर यहूदा (येशूला पुढे दगा देणारा त्याचा शिष्य) कुठल्याशा सुताराच्या, म्हणजे येशूच्या, नादी लागल्याचे कळताच ती नूबियाच्या राजाने भेट दिलेले झेब्रे रथाला जुंपण्याचा हुकूम सोडते. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, यातले काहीच नाही. या दोघांचे प्रेमप्रकरण तर निव्वळ पदरचा मसाला आहे. दोन रंगांच्या टेक्निकलर या जुन्या रंगीत चित्रतंत्रातला हा थाटमाट अनेकांना उथळ वाटतो. मलाही वाटला होता, पण आता त्याच्यावाचून पुढचा भाग इतका भिडला नसता असे माझे मत झाले आहे.

कारण रंग ओसरून कृष्णधवल चित्र सुरू झाल्यावरही येशू लगेच दिसत नाही; लोक त्याच्याविषयी बोलत राहतात. मग एका आंधळ्या मुलीला त्याच्यापाशी नेले जाते. पडदा काळोखा होतो, त्या काळोखात उजेडाची एक तिरीप येते, ती हळूहळू पसरते आणि तिच्यातून एक चेहरा उमटतो. त्या मुलीला जे पहिल्यांदा दिसते, तेच आपल्यालाही पहिल्यांदा दिसते. एवढा पैसा ओतणाऱ्या दिग्दर्शकाने नायकाचा प्रवेश एका मुलीच्या नजरेवर सोपवावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

पन्नाशी ओलांडलेले एच. बी. वॉर्नर येशूच्या भूमिकेत हातवारे जवळजवळ करतच नाहीत. एक चिमुरडी पाय मोडलेली बाहुली घेऊन येते, तेव्हा ते ती ज्या निगुतीने दुरुस्त करतात, त्यात सुतारही दिसतो आणि वैद्यही. मरीयेच्या अंगातून सात पापे धूसर आकृत्यांच्या रूपाने बाहेर पडतात, तो प्रसंग पाहताना मला आपले दादासाहेब फाळके आठवले. येशूवरचाच एक जुना मूकपट मुंबईत पाहून त्यांना आपले देव पडद्यावर आणण्याचा ध्यास लागला होता, आणि कॅमेऱ्याच्या अशा करामतींवर त्यांचाही मोठा जीव होता.

चित्रपटात खटकणारेही आहे. वधस्तंभाचे सारे खापर कयफा या एका लोभी याजकावर फोडले आहे, आणि त्याचे चित्रण इतके ढोबळ आहे की ज्यू समाजाने त्या वेळी घेतलेले आक्षेप आजही रास्त वाटतात. (कयफा झालेले रूडॉल्फ शिल्डक्राउट आणि यहूदा झालेले जोसेफ हे प्रत्यक्षात बापलेक होते.)

तरीही सुमारे अडीच तासांनंतर, पुनरुत्थानाच्या प्रसंगी, पडद्यावर रंग परततो. ज्या रंगांत आधी मरीयेचा महाल झगमगला होता, त्याच रंगांत आता येशू थडग्यातून बाहेर येतो, आणि त्या क्षणी मला झेब्र्यांचे हसू येत नाही.