एकवीस दिवस मोडले म्हणून मावशीने बूट कपाटावर ठेवले

माझी मावशी ६४ वर्षांची आहे. नाशिकच्या इंदिरानगरला राहते, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. नोव्हेंबरात तिची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. १ जानेवारीला ती नवे बूट घालून जॉगिंग ट्रॅकवर गेली. नऊ दिवस नेमाने गेली. मग थंडी वाढली, संक्रांतीला लेक आणि नातवंडं आली, त्यांच्या मागे सर्दी-खोकला आला आणि बारा दिवस चालणं झालं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी तिच्याकडे गेले, तर बूट खोक्यात घालून कपाटावर चढवलेले.

"अगं, मोडलं ते. एकवीस दिवस सलग व्हावे लागतात, नाहीतर परत शून्यापासून. दादाने ग्रुपवर टाकलंय बघ. आता पाडव्यापासून बघू."

दादा म्हणजे माझा मामा. त्याने टाकलेला मेसेज मी आधी ऑफिसच्या ग्रुपवर पाहिला होता, सोसायटीच्याही. तेव्हा दुर्लक्ष केलं, ते चुकलंच. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जानेवारी वाया गेला म्हणजे वर्ष वाया गेलं. कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, पण एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. छोटं ध्येय ठेवणारा माणूस छोटाच राहतो, आणि त्याला पुरावा म्हणून येल विद्यापीठाचा एक अभ्यास. रोज फक्त १ टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल. पहाटे ४ वाजता उठा. रोज दहा हजार पावलांपेक्षा कमी म्हणजे पळवाट. आणि शेवटी, हा मेसेज २१ जणांना पाठवा.

सगळ्यात आधी एकवीस दिवसांचं, कारण माझ्या घरात नुकसान त्यानेच केलं.

हा आकडा कुठल्याही प्रयोगातून आलेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला कमीत कमी सुमारे २१ दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. १९६० साली आलेल्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. एका डॉक्टरचं निरीक्षण, तेही नव्या चेहऱ्याला सरावण्याबद्दल. पुढे भाषणाभाषणांतून ते फिरत गेलं, त्यातलं 'कमीत कमी' गळलं, 'सुमारे' गळलं, आणि 'कोणतीही सवय २१ दिवसांत' एवढंच उरलं. माझ्या मावशीच्या चालण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात हे खरोखर मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तो अभ्यास २०१० साली युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीत छापून आला. त्यांनी ९६ माणसं घेतली. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडायची आणि ती रोज एकाच प्रसंगाला जोडून करायची, म्हणजे न्याहारीनंतर, जेवणाआधी, असं. हे १२ आठवडे. रोज नोंद करायची की आज केलं का, आणि ते किती आपसूक झालं.

निघालं काय? या नोंदींवरून ज्यांचा आलेख नीट काढता आला त्यांच्यात सवय लागायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४. मधला आकडा ६६, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त. अभ्यास मुळात ८४ दिवसांचाच होता, तेव्हा २५४ हा आलेखाच्या चढावरून काढलेला अंदाज आहे, हेही सांगते. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त दिवस लागले. हे तर कुठल्याही आईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

आता मेसेजमधलं ते सगळ्यात दुष्ट वाक्य घ्या: एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. याच अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस जिथे होता तिथूनच पुढे गेला. शिवाय त्या आलेखाचा आकारही पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या दिवसांत चढ सर्वांत मोठा, मग हळूहळू सपाट होत जातो. म्हणजे मावशीने थंडीत काढलेले ते पहिले नऊ दिवस फुकट जाणारे नव्हतेच, उलट सर्वांत कमाईचे होते. आणि हा मेसेज तिला सांगतो की तुझी पाटी कोरी.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मन मारून का होईना. सातत्य लागतं. त्याच अभ्यासात ज्यांनी फारच आज केलं, चार दिवस सोडलं असं केलं, त्यांना सवय लागली नाही. एक दिवस चुकणं आणि बारा दिवस चुकणं एकच, असं मी म्हणत नाही. बारा दिवसांच्या खंडानंतर पुन्हा निघायला जड जातंच. पण त्यावर उपाय तेराव्या दिवशी निघणं हा आहे. दीड महिन्यांनी येणाऱ्या पाडव्याची वाट बघणं हा नाही. मेसेजमध्ये सातत्याबद्दल जे अर्धं खरं आहे, त्याचा वापर माणसाला थांबवण्यासाठी झाला, माझा राग त्यावर आहे. साखर पाडव्यासाठी थांबत नाही.

आणि कृपा करून आता '६६ दिवसांचं चॅलेंज' सुरू करू नका. तेही मी एका ग्रुपवर पाहिलं. १८ ते २५४ एवढी फाकलेली माणसं एका आकड्यात कोंबायची, आणि पुन्हा कुणीतरी सदुसष्टाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवायचं, हे नको.

दुसरं, छोटं ध्येय ठेवणारा छोटा राहतो. त्याला पुरावा म्हणून दिलेली गोष्ट अशी: येलमध्ये १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली. असा अभ्यास झालेलाच नाही. येल विद्यापीठाने स्वतः शोध घेतला, त्या तुकडीच्या सचिवांकडे चौकशी केली, काही सापडलं नाही. न झालेल्या अभ्यासाच्या जोरावर माझ्या मावशीला छोटं म्हणायचं, हे सहन करायचं काही कारण नाही.

झालेला अभ्यास सांगते. मावशी शिक्षिका होती म्हणून तिलाही हाच सांगितला. १९८१ साली अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत कच्ची असलेली, गणिताची गोडी नसलेली मुलं घेतली. सगळ्यांना तेच काम, सात बैठकांत ४२ पानं. काहींना सांगितलं, शेवटी ४२ पानं झाली पाहिजेत. काहींना सांगितलं, आज सहा पानं करायची. काहींना ध्येयच दिलं नाही. सहा पानंवाली मुलं वजाबाकीत पुढे गेली, त्यांचा स्वतःवरचा भरवसा वाढला आणि गणितात रसही वाटायला लागला. बेचाळीस पानांचं मोठं ध्येय मिळालेल्यांना ध्येयच नसलेल्यांपेक्षा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. काम सगळ्यांचं तेवढंच होतं. छोटं केलं ते फक्त डोळ्यांसमोरचं.

मावशी हे ऐकून म्हणाली, "यात काय नवीन? मी पाढे असेच पाठ करून घ्यायचे. आज फक्त बाराचा." मग स्वतःच्या पायांना तिने हा न्याय का लावला नाही? कारण मेसेजने सांगितलं होतं की रोज दहा हजार पावलांपेक्षा कमी म्हणजे पळवाट.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाबद्दलच्या सूचना नव्याने काढल्या. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, हे त्यात आहेच. पण त्याबरोबर हेही आहे की अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं, आणि सुरुवात थोडक्याने करून हळूहळू वाढवावी. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी चाललेलं धरत नसत, ती अटही काढून टाकली. म्हणजे तीन-तीन, चार-चार मिनिटांचं चालणंही हिशेबात येतं. आपल्याकडे याला शतपावली म्हणतात. आजी-आजोबा रात्री जेवून ओट्यावरून अंगणात फेऱ्या मारायचे, त्यांना कुणी ध्येय लहान आहे असं म्हटलं नव्हतं. शंभर पावलांचं काम, शब्दातच आकडा आहे, आणि जेवणाला जोडलेलं आहे. लॅलींच्या अभ्यासातल्या माणसांना 'रोज एकाच प्रसंगाला जोडून करा' सांगितलं होतं, ते हेच.

मोठं ध्येय असूच नये, असं माझं म्हणणं नाही. साखर आटोक्यात आणायची हे मोठंच ध्येय आहे. पण सकाळी उठून माणूस साखर आटोक्यात आणू शकत नाही. तो बूट घालू शकतो.

जानेवारी गेला म्हणजे वर्ष गेलं, हे नाशिकमध्ये बसून कसं कुणी पुढे पाठवू शकतं, हे मला कळत नाही. माझ्या सासरी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात द्राक्ष येतं, पण त्या घडाचं नशीब आदल्या एप्रिलमध्येच बरंचसं ठरलेलं असतं. एप्रिलला खरड छाटणी. तेव्हा सगळी बाग बोडकी दिसते, नवख्या माणसाला वाटेल संपलं सगळं. त्यानंतरच्या आठवड्यांत नव्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, दिसत काहीच नाही. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तिथून चार महिन्यांनी माल. एखाद्या वर्षी ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येतो, डाऊनी नावाचा बुरशीचा रोग येतो, निम्मे घड जातात. सासरे बाग उपटत नाहीत. उरलेले वाचवतात. चांगल्या सालातही वेलीवरचे सगळे घड ठेवत नाहीत, विरळणी करतात, कारण वेलीला पेलतील तेवढेच घड ठेवले तर मण्याला फुगवण येते. हे सगळं ज्यांच्या डोळ्यांसमोर होतं, त्या जिल्ह्यातली माणसं ३१ जानेवारीला वर्ष बुडालं म्हणून बसतात. शाळा जूनला सुरू होते, हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला, पंचांग पाडव्याला. जानेवारीची एवढी मिजास कशाला?

शिवाय इथली जानेवारीची थंडी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यांत असतो. त्या दिवसांत साठीपुढच्या बाईने पहाटे ४ वाजता उठून ट्रॅकवर जावं, असं सांगणाऱ्याने आधी स्वतः स्वेटर घालून गोदाकाठी उभं राहून बघावं. आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिसरी पाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसाने ४ वाजता कुठून उठायचं? तो तेव्हा कामावर असतो. पहाटे उठणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर उठावं, त्याबद्दल एवढंच.

१ टक्क्याचं गणित बरोबर आहे. १.०१ चा ३६५ वेळा गुणाकार केला तर ३७.७८ येतात, मी करून पाहिलं. पण हे चक्रवाढ व्याज आहे. आज १०० पावलं चालणारी मावशी वर्षाने ३,७०० पावलं चालू शकेल, ठीक. आज दोन किलोमीटर चालणारा माणूस वर्षाने रोज ७५ किलोमीटर चालणार आहे का? आणि एकाच मेसेजमध्ये वर 'छोटं ध्येय म्हणजे हार' आणि खाली 'रोज फक्त १ टक्का' असं दोन्ही लिहिलंय. लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर परत वाचलेला नाही. १ टक्का हे छोटं ध्येयच आहे, आणि मेसेजमधलं तेवढं एक मी मावशीसाठी ठेवून घेतलं.

त्या रविवारी आम्ही बूट खाली काढले. ठरवलं ते असं: रात्रीचं जेवण झालं की सोसायटीच्या फाटकापासून विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंत आणि परत. ट्रॅक नाही, पहाट नाही, दहा हजार नाही. कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला टिक, न चाललेल्याला काही नाही. फुली मारायची नाही हा तिचाच नियम, वहीत लाल फुली बघून मुलं रडतात म्हणाली. आज अठरा दिवस झाले. चौदा टिका आहेत. मागच्या आठवड्यापासून ती तिसऱ्या खांबापर्यंत जाते, मी सांगितलं नव्हतं.

मामाला मी वेगळा फोन केला, ग्रुपवर चारचौघांत नको म्हणून. तो म्हणाला, "अगं, चांगलं लिहिलंय म्हणून टाकलं, कुणाचं वाईट व्हावं म्हणून का टाकेन?" ते मला माहीत आहे. मी त्याला मावशीच्या बुटांचं सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता. पण मेसेज त्याने खोडलेला नाही, आणि त्यावर आणखी सहा जणांनी हात जोडलेत. म्हणून हे सगळं लिहिलं, आणि आता त्याच ग्रुपवर टाकते आहे.