अळूला पाणी घाल रे!

रेडिओ ऐकणं हे कानांचं काम आहे असं ज्यांना वाटतं, ती माणसं बहुधा ट्रान्झिस्टरनंतर जन्मली असावीत. 1958 साली आमच्या घरी रेडिओ ऐकायला पाच माणसं, एक स्टूल, दोन बादल्या पाणी आणि अळूचं आळं लागायचं. कान लागायचे सगळ्यात शेवटी, आणि ते माझे नसायचे. माझ्याकडे पाण्याचं खातं होतं.

साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत आमचा वाडा. रेडिओ घ्यायचं ठरलं ते आजीसाठी. पुणे केंद्रावर 1 एप्रिल 1955 ला गीतरामायण सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गाणं, आणि ते ऐकायला आजी तीन घरं पलीकडे वकिलांच्या ओटीवर जाऊन बसायची. तिथे चहा मिळायचा, पण तो देताना वकिलीणबाई कपबशीचा जो आवाज करायच्या तो आजीला मानवेना. "आपला रेडिओ हवा," ती म्हणाली. बाबांचा स्वभाव विचारी. त्यांनी विचार करायला एक वर्ष घेतलं. गीतरामायण छप्पन्न गाणी होऊन 1956 च्या एप्रिलमध्ये संपलं. आमचा रेडिओ मे महिन्यात आला.

"लव-कुश मोठे झाले, आता कशाला?" एवढंच आजी म्हणाली आणि त्यावर विणलेला रुमाल घातला. सेट आमच्या देव्हाऱ्यापेक्षा मोठा होता, हे तिला वेगळं खटकलं होतंच. (कंपनीचं नाव सांगत नाही. तिची काही चूक नव्हती.)

बटण पिरगाळलं की लगेच काही व्हायचं नाही. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापायला हवेत. आधी काचेमागे पिवळा दिवा लागे, मग धूळ भाजल्याचा वास येई, मग घुं असा आवाज, आणि त्यानंतर एक हिरवा डोळा हळूहळू उघडे. स्टेशन नीट लागलं की डोळ्याच्या पापण्या जवळ येत, हुकलं की फाकत. आजोबा सूर ऐकून नव्हे, त्या डोळ्याकडे बघून मान डोलवायचे. काचेवर लंडन, मॉस्को, सिलोन (म्हणजे आजची श्रीलंका) अशी नावं छापलेली. त्यांतली बरीचशी तिथे नसायची. मॉस्कोवर काटा नेला की पुण्याचे बाजारभाव लागत.

आजोबांचं रेडिओशी नातं जुनं होतं आणि थोडं अपराधी. 1927 साली ते गिरगावात एका चाळीत राहून कारकुनी करत होते. त्या वर्षी 23 जुलैला मुंबईचं केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, म्हणजे आवाज पोचायचा तीसेक मैल. चाळीतल्या एका हौशी माणसाने क्रिस्टल सेट जमवला होता. त्याला वीज लागत नसे. एका खड्यावर बारीक तार टोचत बसायचं, बरोबर जागी टोचली की कानाला लावायच्या यंत्रात गाणं यायचं. पण कान दोन आणि चाळ अख्खी! मग कुणीतरी ते यंत्र पितळी घंगाळात ठेवलं. घंगाळ घुमलं आणि आठ-दहा माणसं त्यात डोकी घालून गाणं ऐकू लागली.

"कोण गात होतं?" मी विचारायचो.

"ते काही कळलं नाही. पण घंगाळ उत्तम होतं."

अपराधी अशासाठी, की रेडिओ ठेवायच्या परवान्याचे वर्षाला 10 रुपये त्या चाळीतल्या कुणीच भरले नव्हते. पुढे 1930 मध्ये ते केंद्र चालवणारी खासगी ब्रॉडकास्टिंग कंपनी बुडाली आणि सरकारला केंद्र हाती घ्यावं लागलं. कंपनी बुडण्याची कारणं पुष्कळ असतील, पण आजोबांच्या मते ती त्यांच्या घंगाळात बुडाली. त्यामुळे आमच्या रेडिओचा परवाना हा त्यांनी प्रायश्चित्तासारखा पाळला. नव्या वर्षात टपाल कचेरी उघडायच्या आत ते पायरीवर उभे. 15 रुपये भरून, पुस्तकावर शिक्का उमटवून आणायचा आणि रेशनकार्डाशेजारी पेटीत ठेवायचा. फाइल घेतलेला कुणीही दारात दिसला की पुस्तक बाहेर. देवीच्या लशीची नोंद करायला आलेल्या माणसाला त्यांनी माझा दंड दाखवायच्या आधी परवाना दाखवला होता.

आता अळूकडे येतो. रेडिओ बसवायला आलेल्या मेकॅनिकने माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणली. ती एरियल. पणजोबांच्या तसबिरीवरून ती अशी गेली होती की पणजोबा मुंडावळ्या बांधून बसल्यासारखे दिसत. मग तो म्हणाला, "अर्थ, म्हणजे जमिनीत जाणारी तार, चांगली पाहिजे. कायम ओली जमीन कुठाय?" वाड्यात कायम ओली अशी जागा एकच, मोरीच्या मागची, जिथे आंघोळीच्या पाण्यावर अळू माजलं होतं. तिथे तांब्याचा पत्रा पुरायचं ठरलं. "खड्ड्यात मीठ आणि कोळसा घाला, पकड चांगली बसते," मेकॅनिक म्हणाला.

"अळूत मीठ घालतात," आजी म्हणाली, "पण ते शिजताना."

तेव्हा मिठाऐवजी पाण्यावर भागवायचं ठरलं आणि पाणी घालायला घरातला सगळ्यात बिनकामाचा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. आवाज जरा दबला की धाकटा काका बटण न सोडता ओरडायचा, "अळूला पाणी घाल रे!" मी बादली घेऊन परसात पळायचो. परत येईपर्यंत आवाज सुधारलेला असायचा आणि गाणं संपलेलं असायचं.

पाण्याने खरंच काही व्हायचं का? मॅट्रिकच्या आसपास मला कळलं, की शॉर्टवेव्हच्या लहरी वर जाऊन विजेने भारलेल्या हवेच्या थरावर आपटतात आणि खाली येतात. तो थर काही एका जागी गप्प बसत नाही, म्हणून दूरचा आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो. म्हणजे अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचावरची चूक मी परसात बादल्या ओतून दुरुस्त करत होतो. मी पोचेपर्यंत आवाज आपला आपण चढायचा आणि श्रेय अळूला जायचं. अळू मात्र असं माजलं, की आठवड्यातून तीनदा फदफदं. आजोबा म्हणत, याला थोडी बातम्यांची चव लागते.

लावायचं काय, यावर घरात रोज लोकसभा भरायची. आजोबांना मुंबईचं शास्त्रीय संगीत आणि बातम्या. आत्याला भावगीतं. काकाला सिनेमाची गाणी, आणि तीच आकाशवाणीने जवळजवळ हद्दपार केलेली. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी देशाचा कान सुधारायचा चंग बांधला. आजोबांना केसकरांचा अभिमान, मराठी माणूस दिल्लीला जाऊन रागदारी ऐकवतो म्हणून. काकाला त्याच कारणासाठी मराठी असल्याचं दुःख. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि सरकारने सिनेगीतांना पुन्हा घरात घेतलं, पण काकाने तोवर परदेशी संसार थाटला होता. त्याची निष्ठा रेडिओ सिलोनला. तिथे महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला दणकट ट्रान्समीटर होता. सैन्य गेलं, ट्रान्समीटर राहिला, आणि त्यावरून आमच्या माजघरात लता मंगेशकर यायच्या.

आमच्या श्रोत्यांत आणखी एक विस्थापित होते. पेटीवाले तात्या. 1940 पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे सूर ठोकळ्यासारखे, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या संगीताला ती वाकत नाही, असं सरकारी मत. "पेटी नाही वाकत, पण मी वाकतो की!" असं म्हणून तात्या पेटीवर अक्षरशः ओणवे होऊन दाखवायचे. त्यांनी आकाशवाणीवर बहिष्कार टाकला होता. आकाशवाणीला ते कळलं असेल असं वाटत नाही. सिलोनवरच्या गाण्यात मागे कुठेतरी पेटी वाजली की ते सगळ्यांना हात करून गप्प करायचे आणि गाणारीचा आवाज मधे आला तर त्रासायचे.

बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला, सिनेगीतांची क्रमवारी. अमीन सयानी "बहनों और भाइयों" म्हणायचे तेव्हा काका त्यांच्याआधी अर्धा सेकंद म्हणून घ्यायचा. "दर बुधवारी बहिणी म्हणतोय मेला," आजी पुटपुटायची, "ओवाळणी कधी घालणार?" कार्यक्रम टूथपेस्टवाल्यांचा. आम्ही दात राखुंडीने घासत होतो.

सिलोन साताऱ्याच्या दक्षिणेला आणि गावाच्या दक्षिणेलाच अजिंक्यतारा उभा. आवाज बुडाला की काका किल्ल्याकडे बोट दाखवून चरफडायचा. आजोबा शांतपणे म्हणायचे, "त्याने औरंगजेबाला 1699-1700 मध्ये चार महिने अडवून धरलं. तुझ्या गाण्यांना सोडेल होय?"

त्या बुधवारी आत्याला बघायला पुण्याची मंडळी यायची होती. वेळ चारची. गाडी खंबाटकीच्या घाटात तापून उभी राहिली आणि मंडळी पोचली साडेसातला. सकाळपासून मला बजावलं होतं, आज रेडिओ बंद, काकाला बजावलं होतं, आज तोंड बंद. मुलगा उंच, काटकुळा, इंजिनियरिंग खात्यात. तो खाली मान घालून बसला. त्याच्या आईने घराकडे बघितलं, वडिलांनी रेडिओकडे.

"आज बुधवार ना?" वडील म्हणाले. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

काकाने हरकत कुणाची आहे हे बघायच्या आत बटण पिरगाळलं. आजोबा परवाना आणायला उठले.

डोळा उघडला, पण आवाज धड येईना. त्यात, मागच्या खोलीतून पोह्यांची परात नेताना आईचा धक्का लागला की काय कोण जाणे, खिळा निखळला आणि एरियलची जाळी पणजोबांवरून घसरून थेट मुलाच्या डोक्यावर आली. त्याने ती उचलून भिंतीशी धरली. त्यासरशी सयानी असे बोलले, जणू आमच्या ओटीवर पान जमवत बसले आहेत.

"हलू नका!" काका, तात्या आणि मुलाचे वडील एकदम ओरडले.

तो हलला नाही. स्टूल आणून खिळा ठोकावा, हे कुणालाही सुचलं नाही. ठोकायला गेलं असतं तर मधलं गाणं गेलं असतं. हात वर करून, तोंड भिंतीकडे, नाक पणजोबांच्या तसबिरीला लावून तो उभा. अशा वेळी आत्या पोहे घेऊन आली. तिच्याकडे बघायचं ज्याने, तो भिंतीत बघत होता. मुलाच्या आईने "काय गं, स्वयंपाक—" एवढं म्हटलं आणि नवऱ्याने "शू!" केलं. आत्या बशी हातात घेऊन कोपऱ्यात बसून राहिली. पोहे गार झाले.

हे सगळं मला नंतर कळलं. मी अळूत होतो. एवढी मोठी मंडळी, तेव्हा आज पाण्यात हयगय नको म्हणून काकाने मला आधीच परसात उभं केलं होतं. पहाऱ्यावर. माजघराच्या झरोक्यातून गाण्याचे तुकडे यायचे, एक ओळ, मग खरखर, मग "वा!", मग तात्यांचं "पेटी, पेटी!" मी घोट्यापर्यंत चिखलात. अळूची पानं पोटऱ्यांना लागून खाज सुटलेली. एक बेडूक माझ्याकडे बघत होता. तोही बहुधा अर्थिंगचाच कर्मचारी असावा.

कार्यक्रम शेवटाला आला. पहिल्या पायदानावर, म्हणजे पहिल्या क्रमांकावर, कोणतं गाणं, यावर काका आणि तात्यांची आठवडाभर पैज लागलेली होती, चार आणे. सयानी सांगणार, इतक्यात आवाज खोल विहिरीत गेला आणि आतून एकच आरोळी आली. या वेळी काकाची एकट्याची नव्हती. पाहुण्यांसकट सगळे ओरडले, "अळूला पाणी घाल रे!"

मी दोन्ही बादल्या एकदम ओतल्या. पाणी आळं फोडून मोरीत, मोरीतून मागच्या खोलीत आणि तिथून पाहुण्यांच्या चपलांखाली गेलं. मी पळत आत आलो तेव्हा रेडिओतून टूथपेस्टची जाहिरात येत होती आणि मुलगा खाली सोडलेला हात दुसऱ्या हाताने चोळत होता.

मंडळी ओल्या चपला घालून नातेवाइकांकडे मुक्कामाला गेली. चौथ्या दिवशी पत्र आलं, मुलीला नीट बघणं झालं नाही, तरी पुन्हा यावं म्हणतो. बाबांना ते अपमानाचं वाटलं. त्यांनी आत्याला विचारलं, काय कळवू?

"मी बघितलंय त्यांना नीट," आत्या म्हणाली. "अर्धा तास. सदऱ्याला पाठीवर ठिगळ होतं, डावखुऱ्या माणसाने घातलेलं. आई उजव्या हाताने बशी धरत होती. म्हणजे ठिगळ स्वतःच घातलंय. शिवाय सांगितलं तिथे हात वर करून उभे राहतात. कळवा हो म्हणून."

लग्न झालं. त्यात पेटी तात्यांनी वाजवली, ओणवे होऊन.

त्या बुधवारी पहिल्या पायदानावर कोणतं गाणं होतं, हे मी पुढे किती वर्षं विचारत राहिलो. काका एक सांगायचा, तात्या दुसरंच, चार आणे दोघांनीही दिले नाहीत. आत्याच्या यजमानांना विचारलं तर म्हणाले, माझा कान पणजोबांच्या काचेला चिकटलेला, मला सगळ्याच गाण्यांत नुसती काच ऐकू येत होती. शेवटी आत्याला गाठलं.

"गाणं?" ती म्हणाली. "गाणं कोण ऐकत होतं?"