पुतळ्याचा वाद आणि लवंगेचा कारभार

यान पीटरसून कून याचा होर्न गावातील पुतळा ठेवावा की हलवावा, हा नेदरलँड्समधील जुना वाद आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या या गव्हर्नर जनरलने १६२१ मध्ये जायफळासाठी आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटे जिंकली, तेव्हा सुमारे पंधरा हजारांच्या लोकवस्तीतून जेमतेम हजारभर माणसे तेथे उरली, असा अंदाज आहे. जमिनीचे तुकडे कंपनीच्या माजी नोकरांना वाटून गुलामांकरवी बागा राखण्यात आल्या. एवढी हकिगत येथे नेदरलँड्समध्ये आता बरेच जण जाणतात. शेजारच्या अंबोन बेटावरील शांत भासणाऱ्या कारभाराकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

तेथे कंपनीने गावप्रमुखांना हटवले नाही, उलट त्यांनाच हाताशी धरले. लवंग ठरल्या भावाने कंपनीलाच द्यायची, जमा झालेल्या मालामागे प्रमुखाला काही रक्कम मिळायची, आणि नेमून दिलेल्या बेटांबाहेरची झाडे तोडण्यासाठी गावकऱ्यांनाच आपापल्या प्रमुखांच्या हाताखाली होड्या वल्हवत न्यावे लागायचे. त्याच भागातील तर्नाते बेटाच्या सुलतानाने १६५२ मध्ये वार्षिक रकमेच्या बदल्यात आपल्या मुलखातील झाडे तोडू देण्याचे मान्य केले. डचांनी स्थानिक सत्ता शाबूत ठेवल्या म्हणून त्यांचे राज्य सौम्य होते, असे मानणारे मला भारतीय मंडळींतही भेटतात. माझ्या मते त्या सत्ता शाबूत राहिल्या म्हणूनच मूठभर डचांना इतकी वसुली साधली.

कून १६२९ मध्ये वारला, कंपनी १७९९ मध्ये संपली, १८१७ मध्ये डचांविरुद्ध उठलेल्या पट्टिमुराने अंबोनजवळच्या सापारुआ बेटावरचा त्यांचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी तो फासावर गेला. लवंगेची सक्ती मात्र १८६० च्या दशकापर्यंत टिकली. तेव्हाचे डच पंतप्रधान रुटे यांनी २०२२ मध्ये आणि डच राजाने २०२३ मध्ये गुलामगिरीबद्दल मागितलेली माफी मी क्षुल्लक मानत नाही, पण असा कारभार चालतो कसा, हा प्रश्न तिने सुटत नाही.

म्हणूनच महाराष्ट्रातील वसाहतवादी वारशाची चर्चा शहरांच्या आणि कायद्यांच्या नावांवर येऊन थांबते, तेव्हा येथे बसून मी अस्वस्थ होतो. भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्याचा गाजावाजा झाला; १९२७ चा भारतीय वन कायदा अजून लागू आहे, याची वाच्यता क्वचित होते. वनोपज कोणी तोडावी, कोणी वाहून न्यावी, हे वरून ठरवण्याची त्याची रीत अंबोनच्या गव्हर्नरला अनोळखी वाटली नसती. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तरी स्वतःच्या जंगलातील बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले, आणि तेही तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी जातीने लक्ष घातल्यावर.