'सेट'चे ४३० अर्थ आणि आपली लागलेली गाडी

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी नव्यानं उगवतो: 'इंग्रजीतल्या सेट या एका शब्दाला ४३० अर्थ आहेत, उदाहरणार्थ टी-सेट, सनसेट. हा जागतिक विक्रम. म्हणून इंग्रजी सर्वांत समृद्ध. मराठीत एका शब्दाला जेमतेम दोन-तीन अर्थ.' या वेळी मात्र मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसले नाही.

४३० हा आकडा खोटा नाही, शिळा आहे. तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतला. पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना 'रन' ६४५ वर पोचलं, आणि ही बातमीही २०११ ची!

शिवाय ते ४३० अर्थ फक्त क्रियापदाचे. टी-सेट त्यात येतच नाही. सेट करणं म्हणजे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप, बसवणं. कपबशांच्या सेटचं मूळ लॅटिन 'सेक्टा'कडे जातं, तेही जुन्या फ्रेंचमार्गे. दोन वेगळी घराणी, उच्चार जुळला म्हणून एका छताखाली आलेली.

आता मराठी. वाईच्या एसटी स्टँडवर काका विचारतात, "पाचगणीची गाडी लागली का?" म्हणजे फलाटाला. पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर तेच काका पुतणीला विचारतात, "गाडी लागली का गं?" आणि पिशवी पुढे करतात. शब्द तेच, पण कुणीही गोंधळत नाही. याखेरीज भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, आमटी खारट लागते, तिकिटाला पैसे लागतात, पोर रडू लागतं आणि समोरचा माणूस आपला चुलत मामा लागतो. दोन-तीन अर्थ म्हणे!

राहिला समृद्धीचा मुद्दा. रोज तोंडात असलेल्या आखूड क्रियापदांना अर्थ चिकटतातच, कुठल्याही भाषेत. कोशकार रेघ कुठे मारतो त्यावर आकडा ठरतो. त्यावरून भाषेची श्रीमंती मोजू नये.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दही इंग्रजीत सेट होतं आणि आपल्याकडे लागतं, हेही वर जोडलं. तासाभरानं काकूचं उत्तर आलं: "छान माहिती. माझं मात्र थंडीमुळे दोन दिवस लागत नाहीये, काय करू?"